घंट्यांच्या गाण्यातली हाक

१

डिसेंबर लागला आणि घंट्यांचं गाणं जालन्यात येऊन दाखल झालं. दरवर्षीच येतं. आधी मोबाइलच्या दुकानात, मग कपड्यांच्या सेलमध्ये, मग शाळांच्या गॅदरिंगच्या तालमींत, आणि पंचवीस तारीख जवळ आली की एखाद्या भाजीवाल्याच्या भोंग्यातसुद्धा. गाणं इंग्रजी, नाताळचं. पण नाताळशी ज्यांचा काडीचा संबंध नाही तेही त्यावर मान डोलावतात. सुरुवातीला बारीक घंट्या वाजतात, मग एक पुरुष गाऊ लागतो, मागून पोरीबाळींचा कोरस. कुणीतरी घरी परत येणाऱ्याची वाट बघतंय, एवढं फार तर कळतं. बाकीचे शब्द अवधूतला पंचेचाळिशी उलटली तरी धड कळले नव्हते, आणि तो तर विमा कंपनीत चांगला अधिकारी होता.

गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात. एक श्वास घेऊन सोडावा एवढा वेळ काहीच नाही. मग पुन्हा घंट्या. साऱ्या जगासाठी ती रिकामी जागा होती. जालना जिल्ह्यातल्याच मंठ्याच्या माणसासाठी मात्र तिथे अवधूतची आई होती.

त्याचं असं झालं. अवधूतच्या वडलांचं, गजाननरावांचं, मंठ्याला घराच्याच पुढच्या खोलीत कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. ‘सरोज रेकॉर्डिंग’. सरोज म्हणजे सरोजिनी, अवधूतची आई. दुकानाला बायकोचं नाव दिलं म्हणून गल्लीने तेव्हा त्यांची भरपूर टिंगल केली होती आणि गजाननराव मनातून फार खूश झाले होते. एका हिवाळ्यात संध्याकाळी कुठल्यातरी परदेशी स्टेशनवर हे गाणं लागलं. रेडिओला वायर जोडली की टेपात घुरघुर यायची, म्हणून ते रेडिओसमोर माइक ठेवून गाणी भरून घ्यायचे. त्यामुळे दुकानाचा नियम कडक होता: लाल दिवा लागला की घरात कुणी बोलायचं नाही, आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. “कुणी बोलू नका रे,” असं म्हणून, एकदा खाकरून, ते बटण दाबायचे.

पण स्वयंपाकघर दोन खोल्या पलीकडे. मधल्या खोलीच्या दाराला हिरव्या फुलांचा पडदा, त्यामुळे तिथून लाल दिवा दिसायचा नाही. वाद्यं थांबली आणि नेमकी तेव्हाच आईची हाक आली, “अहो, चहा झाला! येता का आणू?”

गजाननरावांनी ओ दिली नाही. नुसता पंजा वर केला, थांब म्हणून. घंट्या पुन्हा सुरू झाल्या. शेजारी बसलेल्या अवधूतला हसू आवरेना म्हणून त्याने स्वेटरची बाही तोंडात कोंबली होती.

ते गाणं पुन्हा काही रेडिओवर सापडलं नाही. पोरांनी तर मागणीचा सपाटा लावला. शेवटी गजाननरावांनी आईच्या हाकेसकट कॅसेटी भरून दिल्या आणि साऱ्या तालुक्यात गाणं पसरलं ते तसंच. हाक आली की पंजा वर करायचा, ही मंठ्याची पद्धत झाली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं नाचता नाचता थिजायची, पंजा वर करायची. तातेरावांच्या बँडने भर वैशाखात वरातीत हे नाताळचं गाणं वाजवलं तेव्हा क्लॅरनेटवाल्याने पंजा वर केला आणि त्याचं बघून घोड्यावरच्या नवरदेवानेही. आई बाजारात निघाली की टारगट पोरं लांबून पंजा दाखवायची. ती वरवर चिडायची, पण घरी येऊन हसायची.

आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. मंठ्याचं घर त्याआधीच विकलं होतं. डिसेंबरात हे गाणं कुठेही लागलं की अवधूत त्या रिकाम्या जागेपाशी थोडा थांबायचा. तिथे आई नसायची. मूळ गाण्यात ती कशी असणार? पण कान आपले ती जागा भरून घ्यायचे. वर्षातून एकदा आईची अशी गाठ पडायची, आणि त्याला ते पुरेसं होतं.

२

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो सदर बाजारातल्या बेकरीत शिरला. मुलीला, गंधालीला, मनुका घातलेला केक हवा होता. गल्ल्यावरच्या रेडिओवर घंट्या वाजू लागल्या. गाणं मध्यावर आलं. वाद्यं थांबली.

“अहो, चहा झाला! येता का आणू?”

अवधूतच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. कान भरून घेतात ते वेगळं आणि ऐकू येतं ते वेगळं. हे ऐकू आलं होतं. हाकेआधी बांगड्यांचा आवाजही होता.

त्याने आजूबाजूला पाहिलं. बेकरीवाला ब्रेड मोजत होता. दोन कॉलेजच्या पोरी मोबाइलमध्ये गुंग. काउंटरच्या टोकाला मात्र त्याच्याच वयाची एक बाई खारीचा पुडा काखेत धरून, उजवा पंजा वर करून उभी होती. त्याने पाहिल्यावर ती ओशाळली.

“मंठ्याच्या का तुम्ही?” त्याने विचारलं.

“बराबर ओळखलं! मी शीतल, तातेराव बँडवाल्यांची पुतणी.” मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “अन् तुम्ही सरोजकाकूंचे अवधूत न? सवयच पडून गेली बघा. हे गाणं लागलं की हात वर जातोच.”

“तुम्हाला आत्ता आवाज आला? आईचा?”

“आता काकूंचा आवाज तर गाण्यातच हाय न,” शीतल हसून म्हणाली. “ते कसलं येणार न्हाई?”

“आपल्या कॅसेटमध्ये होता. हे तर रेडिओवर लागलंय.”

तिचं हसू जरा रेंगाळलं, मग गेलं. “कुणी ती जुनी कॅसेट चढवली असंल इंटरनेटवर,” ती म्हणाली आणि पैसे देऊन जरा घाईनेच निघाली.

तेच असेल, अवधूतने स्वतःला पटवलं. आजकाल काय काय चढवतात लोक. गाडीत बसून त्याने मोबाइलवर मूळ गाणं शोधलं. परदेशातल्या कंपनीचं, कोटीकोटी लोकांनी ऐकलेलं. ते लावलं. वाद्यं थांबली आणि आईने हाक मारली.

त्याला वाईट वाटायला हवं होतं, की भीती वाटायला हवी होती? खरं सांगायचं तर त्याचे डोळे भरून आले. त्याने ते गाणं बेकरीसमोर गाडी उभी करून तीनचार वेळा ऐकलं, आणि घरी जाताना तो आईच्या हातच्या आलं घातलेल्या चहाचा विचार करत होता.

३

घरी गंधालीची तालीम चालली होती. ती चौथीत होती आणि यंदा तिच्या वर्गाचा नाच याच गाण्यावर बसवला होता. टीव्हीवर गाणं लावून ती हॉलमध्ये गिरक्या घेत होती. गजाननराव खुर्चीत बसून बघत होते. ते आता ऐंशीला आले होते, पण कान तिखट होते. अवधूतची बायको साधना आत कणीक मळत होती.

वाद्यं थांबली, हाक आली. गजाननरावांचा पंजा वर गेला. अवधूतचाही.

“साधना, तुला काही ऐकू आलं?” त्याने विचारलं.

“काय? कुकर झाला का?” ती आतून म्हणाली.

गंधालीने मात्र टीव्ही बंद केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आजोबा, आजी एवढी हाका मारून राह्यली, तुम्ही ओ का देत न्हाई तिला?”

आजी गेली तेव्हा ही तीन वर्षांची होती. ती कॅसेट तिने कधी ऐकलेली नव्हती.

“आज जवळ आली होती पण,” गंधाली सांगू लागली. “परवा लईच लांब होती. काल पडद्याच्या तिकडं होती, हिरव्या फुलांच्या. आज अलीकडं आली.”

त्यांच्या जालन्याच्या फ्लॅटमध्ये एकाही दाराला पडदा नव्हता.

पोर शाळेची बॅग भरायला गेल्यावर अवधूत वडलांच्या खोलीत गेला. माळ्यावरची ट्रंक काढून त्याने ती मूळ कॅसेट शोधली. गजाननरावांनी जुना टेप जपून ठेवला होता. कॅसेट घातली. रेडिओची खरखर, घंट्या, पुरुष, कोरस; सगळं तसंच होतं. वाद्यं थांबली. अवधूत टेपावर वाकला.

कुणीच बोललं नाही. नुसती टेपची सरसर आणि त्यात, खूप बारीक, शाळकरी पोराचं बाहीत कोंबलेलं हसू. मग घंट्या.

त्याने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. हाक पुसलेली नव्हती. पुसली की टेपावर खट्ट आवाज येतो, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. हाक तिथून निघून गेली होती.

“तुझी आई गेली तेव्हापासून ही हाक निघाली हाय,” गजाननराव हळूच म्हणाले. “पहिल्या वर्षी मला वाटलं, भास हाय. दुसऱ्या वर्षी तव्याचा आवाज आला. मंग पडदा सरकला. मी काही बोललो न्हाई तुला. म्हटलं, पोरगं येडं समजंल.”

“बाबा, ती आई आहे?”

गजाननरावांनी टेप बंद केला.

“आवाज तिचा हाय,” ते म्हणाले. “पण मी पंजा वर केला की तुझी आई पुन्हा हाक मारत नसे रे. ती समजून जायची. चहा झाकून ठेवायची अन् घडीभरानं गरम करून आणायची. ही समजून न्हाई राह्यली.”

४

दुसऱ्या दिवशी अवधूतने नाच बसवणाऱ्या तृप्ती मॅडमना फोन केला. गाणं बदलता येईल का, असं त्याने आडवळणाने विचारलं.

“अहो सर, या गाण्याशिवाय गॅदरिंग होतच न्हाई!” मॅडम वडीगोद्रीच्या, बोलायला मोकळ्या. “दुसरं ठेवलं की पालकच विचारतात. किती वर्षं झाली, पण जुनंच होत न्हाई बघा ते. अन् यंदा तर मी भारी आयडिया केली. ते मधात म्युझिक थांबतं न? तिथं मोकळं मोकळं वाटत होतं. कालच्या तालमीत ठरवलं, तिथं सगळी मुलं एकदम ‘हो!’ म्हणून ओरडणार. जोरात! सगळा हॉल दणाणून जातो.”

अवधूतने मनातल्या मनात ते जोडून पाहिलं. येता का आणू? आणि सगळ्या पोरांचं मिळून एक ‘हो’. त्यात सगळ्यात पुढे, खणखणीत आवाजाची म्हणून मध्यभागी उभी केलेली, गंधाली.

“तालमीत गाणं लावून ओरडली का मुलं?” त्याने विचारलं.

“तालमीत गाणं कसलं, मी तोंडानंच ठेका देते. स्पीकर तर गॅदरिंगच्याच दिवशी येणार.”

गंधालीला नाचातून काढतो म्हटल्यावर तिने रडून घर डोक्यावर घेतलं आणि साधनाने नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. कारण काय सांगणार? गाण्यात आई आहे? लख्ख ट्यूबलाइटखाली त्याला स्वतःलाच ते हास्यास्पद वाटलं. त्याने गंधालीला जवळ घेऊन एवढंच सांगितलं, की त्या जागी तू ओरडू नकोस, पंजा वर कर.

“सगळे ओरडणार अन् मी एकटी गप्प? मॅडम रागावतील,” गंधाली म्हणाली. “अन् आजीला तरी कुणी बोलायला नको का?”

गजाननराव दारात उभे राहून ऐकत होते. “मला गॅदरिंगला घेऊन चल,” ते म्हणाले. “पुढची खुर्ची पाहिजे. अन् माझा तो कोट काढ, खाकी.”

दुकानात बसताना ते हाच कोट घालायचे.

५

गॅदरिंग दुपारी होतं. शाळेच्या हॉलमध्ये पालक दाटीवाटीने बसले होते, कागदी चांदण्या टांगल्या होत्या. डाव्या हाताला एक दार मैदानात उघडत होतं आणि त्यातून कलतं ऊन आत आलं होतं. गजाननरावांनी नेमकी त्या दाराजवळची खुर्ची धरली. अवधूत त्यांच्या शेजारी, पलीकडे साधना मोबाइल वर धरून.

लाल टोप्या घातलेली पोरं स्टेजवर आली. गंधाली मधोमध. घंट्या वाजल्या तशा साऱ्या हॉलने टाळ्यांचा ठेका धरला. आज्या, आजोबा, कडेवरची लेकरं, सगळ्यांना ते गाणं पाठ होतं. अवधूतला एकदम मंठ्याचं गॅदरिंग आठवलं, वर गेलेले पंजे आठवले, आणि पहिल्या रांगेत बसलेली, लाजून पदर तोंडाला लावलेली आई. इतकं सुखाचं होतं ते सगळं. यातून वाईट काही कसं येईल?

शेजारी गजाननराव खाकरले. एकदाच, बटण दाबण्याआधी खाकरायचे तसे.

वाद्यं थांबली. टाळ्या थांबल्या. स्टेजवर पोरांनी ओरडण्यासाठी छाती भरून श्वास घेतला.

“चहा झाला. येता का आणू?”

स्पीकरमधून नाही. डावीकडच्या दारातून. अगदी जवळून, वर बघितलं तर दिसेल इतक्या जवळून.

“आलो गं,” गजाननराव नेहमीच्या आवाजात म्हणाले. “तू नको येऊ. मीच आलो.”

आणि मग पोरांचं ‘हो!’ हॉलभर दणाणलं. क्षणभर उशिरा.

अवधूतने मान वळवली. दारात मैदान नव्हतं, ऊन नव्हतं. दाराच्या चौकटीत मंठ्याची मधली खोली होती. धुराने काळवंडलेली भिंत, खुंटीवरची पिशवी, अर्धा सरकलेला हिरव्या फुलांचा पडदा. पडद्याबाहेर एक हात आला होता, हिरव्या बांगड्यांचा, कपबशी धरलेला. बांगड्या हलत होत्या, त्यांचा आवाज मात्र होत नव्हता. आणि कपातली वाफ वर जात नव्हती. ती बशीवरून खाली ओघळत जमिनीपर्यंत येत होती.

पडदा पडला. घंट्या सुरू झाल्या. दारात ऊन होतं, मैदानात पोरं पळत होती.

गाणं संपल्यावर साधनाने हसत हसत सासऱ्यांकडे पाहिलं. गजाननराव खुर्चीत बसलेले होते, हात पुढे, तळवा वर, कुणाकडून तरी काही घ्यावं तसा. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल, वयही झालं होतं. घरी आणल्यावर अवधूतने तो हात छातीवर ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा तळवा गरम होता. बाकी सगळं अंग गार पडलं होतं.

६

वर्ष गेलं. डिसेंबर लागला आणि घंट्यांचं गाणं पुन्हा आलं.

अवधूतने घरातला स्पीकर काढून टाकला होता. पण स्वतःच्या घरातलं गाणं बंद करता येतं, गावातलं कसं करणार? ते मोबाइलच्या दुकानात होतं, सेलमध्ये होतं, रिक्षात होतं. पहिले काही दिवस तो कानात बोळे घालून फिरला. मग त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, बाबांची आठवण आली. आईची हाक आता कुठे असेल? दोघं आता निवांत चहा पीत असतील, अशी समजूत त्याने करून घेतली होती, आणि ती त्याला फार प्रिय झाली होती.

गंधालीला केक घ्यायला तो बेकरीत गेला. बेकरीवाल्याने नवा स्पीकर घेतला होता. पुरुष गात होता, मागून कोरस. अवधूतने गंधालीचा हात धरला.

वाद्यं थांबली.

आई नव्हती. तिथे एक खाकरणं होतं. मग, अगदी कानाशी, “कुणी बोलू नका रे.”

अवधूतला भर दुकानात रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही. बाबा होते, खाकी कोटातले, लाल दिव्याशेजारी बसलेले. त्याचा पंजा आपोआप वर गेला. पण बाबा हे कुणाला सांगत होते? तिथे गप्प करण्यासारखं कोण होतं?

ती रिकामी जागा यंदा जरा लांबली होती. घंट्या अजून सुरू झाल्या नव्हत्या. बाबांच्या आवाजाच्या मागे, खूप मागे, दोन खोल्या पलीकडे, तवा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग ओळखीच्या आवाजात, फार लांबून, नव्यानेच शिकल्यासारखे शब्द आले:

“गंधाली, दूध तापलंय. येते का आणू?”

गंधालीचा चेहरा उजळला. तिने तोंड उघडलं. अवधूतने तिच्या तोंडावर तळहात दाबला आणि दुसऱ्या हाताने तिचा पंजा धरून वर केला. तो तसाच धरून ठेवला, घंट्या पुन्हा वाजेपर्यंत, कोरस येईपर्यंत, गाणं संपेपर्यंत.

लांब आहे, तो स्वतःला सांगत होता. अजून पडद्याच्या पलीकडे आहे. बाबा मध्ये बसलेत. पण पोरगी उद्या मोठी होईल, शिकायला पुण्याला जाईल, कुठल्या दुकानात, कुठल्या गाडीत हे गाणं लागेल, तेव्हा तिच्या तोंडावर हात ठेवायला कोण असणार?

“काय गाणं हाय न साहेब,” बेकरीवाला केक बांधता बांधता म्हणाला. “आमच्या अब्बांच्या वेळंपासून ऐकतोय. जुनंच होत न्हाई.” त्याने गंधालीचा वर गेलेला हात पाहिला आणि तो प्रेमाने हसला. “बेटीला आवडलं जणू. थांबा, पुन्हा लावतो.”